परळची प्रयोगशाळा आणि गर्भारपणाचे कोडे

गर्भारपण आणि स्तनाचा कर्करोग यांचा काही संबंध असावा, अशी शंका वैद्यकाला तीनशे वर्षांपूर्वीच आली होती; परंतु गर्भारपण स्त्रीला या रोगापासून वाचवते की त्याच्या तोंडी देते, हे ठरवता ठरवता विसावे शतक जवळजवळ सरले. या दीर्घ शोधातील काही महत्त्वाचे टप्पे मुंबईत, परळमध्ये पार पडले. टाटा स्मारक रुग्णालय, त्याच्याशी जोडलेले भारतीय कर्करोग संशोधन केंद्र आणि शहरातील प्रत्येक कर्करुग्णाची नोंद ठेवणारे कार्यालय अशा तीन ठिकाणी एकाच कोड्याचे तीन तुकडे वेगवेगळ्या माणसांच्या हाती होते, आणि बराच काळ ते एकमेकांशी जुळत नव्हते. प्रयोगशाळेतील मादी उंदीर जितक्या अधिक वेळा विते, तितका तिला स्तनाचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो, असे प्रयोग सांगत होते. शहराच्या नोंदी मात्र कमी मुले झालेल्या आणि अविवाहित राहिलेल्या स्त्रियांकडे बोट दाखवत होत्या. उंदीर खरे की माणसे, असा तो पेच होता.

त्याची पूर्वपीठिका युरोपातील आहे. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी, व्यवसायांमुळे होणाऱ्या रोगांवरील आपल्या ग्रंथात, ख्रिस्ती मठांतील धर्मभगिनींना स्तनाचा कर्करोग विशेष प्रमाणात होतो असे नमूद केले. १८४२ मध्ये दोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी व्हेरोना शहरातील १७६० ते १८३९ या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासून या निरीक्षणाला आकड्यांचा आधार दिला. धर्मभगिनींमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक आणि गर्भाशयाचा कमी, तर विवाहित स्त्रियांत याच्या उलट, असे त्यांना दिसले. कारणाविषयी त्या काळी नाना तर्क लढवले गेले, त्यांत घट्ट चोळीपासून गुडघे टेकून प्रार्थना करताना छातीवर येणाऱ्या दाबापर्यंत सारे काही होते. मूल न होणे हेच कारण असू शकेल, हा विचार मागाहून बळावला.

पुढचे पाऊल ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शल्यविशारदाने टाकले. मेंढ्या-गाईंच्या दूध देण्याचा अंडाशयाशी संबंध असल्याचे त्यांनी वाचले व पाहिले होते, आणि दूरच्या एका अवयवाचा स्तनावर ताबा चालत असेल तर त्या स्तनातील कर्करोगावरही तो चालत असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी बांधले. १८९५ मध्ये त्यांनी बरी होण्याची आशा न उरलेल्या एका ३३ वर्षांच्या, दोन मुलांच्या आईची अंडाशये काढून टाकली. काही महिन्यांत तिच्या छातीवरील गाठी विरल्या आणि पुढे रोग उलटला तरी ती सुमारे चार वर्षे जगली. बीटसन यांनी हे १८९६ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा ‘हार्मोन’ हा शब्दही घडलेला नव्हता. तो १९०५ नंतर रूढ झाला. अंतःस्रावी ग्रंथींतून थेट रक्तात मिसळून दूरच्या अवयवांना आज्ञा देणारे रसायन म्हणजे हार्मोन, मराठीत संप्रेरक. अंडाशयातून येणारी इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही दोन संप्रेरके, गर्भारपणात त्यांचे प्रचंड प्रमाणात उत्पादन करणारी वार, आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येणारे व दूध तयार करवणारे प्रोलॅक्टिन, ही या कथेतील मुख्य पात्रे होत. १९२६ मध्ये जॅनेट लेन-क्लेपन या ब्रिटिश स्त्री-वैद्याने स्तनाच्या कर्करोगाच्या ५०० रुग्णांची तितक्याच निरोगी स्त्रियांशी तुलना करून, रुग्ण स्त्रियांना मुले कमी झालेली असतात व त्यांनी अंगावर कमी पाजलेले असते, असे दाखवले. माणसांच्या बाजूचा पुरावा असा हळूहळू जमत होता.

उंदरांच्या बाजूचा पुरावा अधिक झपाट्याने आणि अधिक निःसंदिग्धपणे जमला. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅबी लॅथ्रॉप या उंदीर-पैदास करणाऱ्या बाईंनी लिओ लोब या विकृतिशास्त्रज्ञासह असे सिद्ध केले, की कमी वयात अंडाशये काढलेल्या माद्यांना स्तनाच्या गाठी क्वचितच होतात, तर वारंवार विणाऱ्या माद्यांना त्या अधिक होतात. १९३२ मध्ये पॅरिसला आंत्वान लाकासान्य यांनी इस्ट्रोजेन टोचून चक्क नर उंदरांत स्तनाचा कर्करोग निर्माण केला. १९३६ मध्ये जॉन बिटनर यांनी त्याहून विस्मयकारक गोष्ट उघड केली: रोगप्रवण वाणाची पिल्ले जन्मताच आईपासून दूर करून रोगमुक्त वाणाच्या मादीला पाजायला दिली, तर मोठेपणी त्यांच्यातील कर्करोगाचे प्रमाण घसरते, म्हणजे रोगाचे काहीतरी बीज दुधातून जाते. हे ‘दुधातील कारक द्रव्य’ पुढे विषाणू असल्याचे निष्पन्न झाले. १९४९ मध्ये लंडनच्या लेस्ली फाउल्ड्स यांनी तर अशा गाठींचे वर्णन केले, ज्या मादी गाभण राहिली की उगवत, ती व्याली की ओसरत आणि पुढच्या गाभणपणात त्याच जागी पुन्हा उगवत, आणि असे काही फेरे झाल्यावर एखादी गाठ संप्रेरकांची वाट न पाहता आपल्या बळावर वाढू लागे. गर्भारपणाच्या संप्रेरकांवरचा इतका थेट आरोप दुसरा कुठलाही नसेल.

याच दशकात परळ या विषयात उतरले. १९३१ मध्ये लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, पुढच्या वर्षी त्यांचे पती सर दोराबजी गेले, आणि त्यांच्या न्यासाच्या पैशातून उभारलेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उद्घाटन झाले. रुग्णालयाच्या प्रयोगशाळा वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आल्या. खानोलकर हे विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे रोगट ऊतींचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान करणारे. परंतु काचपट्टीवरच्या पेशींइतकेच लक्ष त्यांनी रुग्णाची जात, धर्म, पेहराव, खाणेपिणे आणि व्यसन यांच्याकडे दिले, कारण मुंबईसारख्या शहरात एकाच हवापाण्यात राहणाऱ्या पण निरनिराळ्या चालीरीतींच्या समाजांना कर्करोग निरनिराळ्या जागी होतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग हा त्यांतला ठळक धागा; स्तनाचा कर्करोग हा दुसरा.

तो दुसरा धागा त्यांनी ज्यांच्या हाती दिला, त्या कमल रणदिवे. ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या कमल समर्थ या फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या दिनकर समर्थांच्या कन्या. हुजूरपागा आणि फर्ग्युसन हा त्यांचा शिक्षणक्रम. वडिलांच्या मनात मुलीने डॉक्टर व्हावे असे होते, पण मुलीने वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रे निवडली आणि १९४३ मध्ये सीताफळाच्या कुळावर एम.एस्सी. केले. गणितज्ञ ज. त्रि. रणदिवे यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि टाटा रुग्णालयात खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. विषय होता उंदरांच्या निरनिराळ्या वाणांतील स्तनग्रंथींची रचना आणि त्यांची कर्करोगप्रवणता. पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे ऊतीसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर काचपात्रात पेशी जगवण्या-वाढवण्याची विद्या, शिकून आल्या. हे तेच गे, ज्यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये ‘हेला’ या नावाने जगभर पसरलेल्या मानवी पेशींची पहिली मालिका वाढली. १९५२ मध्ये परळमध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले आणि तेथे रणदिवे यांनी ऊतीसंवर्धनाची व प्रायोगिक जीवशास्त्राची प्रयोगशाळा उभारली.

त्या कामाचे स्वरूप जवळून पाहिले, तर त्यातील चिकाटी लक्षात येते. उंदरांचा शुद्ध वाण म्हणजे निदान वीस पिढ्या सख्ख्या भावा-बहिणींचे मीलन घडवून मिळवलेला वाण, ज्यातील सर्व प्राणी आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ एकसारखे असतात. एका प्राण्यात दिसलेला फरक आनुवंशिक की बाहेरच्या कारणाचा, हे ओळखण्याचा त्यापरता खात्रीचा मार्ग तेव्हा नव्हता. सी-३-एच हा अमेरिकेतील रोगप्रवण वाण परळमध्ये वापरला गेला आणि त्याबरोबर संशोधन केंद्रातच एक नवा वाण घडवला गेला, ज्याला केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आय.सी.आर.सी. असे नाव पडले. यातील माद्यांतही स्तनाच्या गाठींचे प्रमाण मोठे होते. अशा अभ्यासात मादीची त्वचा सोडवून तिच्या आतल्या बाजूला चिकटलेली स्तनग्रंथी काचेवर पसरायची, तिच्यातील चरबी विरघळवून ती रंगवायची, की दुधाच्या नलिकांचे पानगळ झालेल्या झाडासारखे जाळे स्पष्ट दिसते. कुमारी मादीत फांद्या विरळ आणि त्यांच्या टोकांना फुगीर अंकुर, गाभण मादीत साऱ्या फांद्या दूधपेशींच्या घोसांनी लगडलेल्या, आणि पिल्ले सुटल्यावर ते घोस पुन्हा झडलेले. रोगप्रवण वाणात मात्र काही घोस झडायचे विसरतात. कर्करोगाची सुरुवात बहुधा या न झडलेल्या गुठळ्यांतून होते. आनुवंशिकता, विषाणू आणि संप्रेरके ही तीन कारणे एकमेकांत गुंतूनच हा रोग घडवतात, एकट्याने नव्हे, हे दाखवणाऱ्या संशोधनात रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा ठळक आहे. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राच्या संचालकपदाची धुरा वाहिली, १९७३ मध्ये भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला, आणि १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

रणदिवे यांचे उंदीर पिढ्यांमागून पिढ्या घालत असताना त्याच परिसरात तिसरा तुकडा आकाराला येत होता. दाराब जुस्सावाला या शल्यविशारदाने नवल टाटांच्या साथीने १९५१ मध्ये भारतीय कर्करोग संस्था स्थापली होती. तिच्या वतीने १९६३ मध्ये मुंबई कर्करोग नोंदणी सुरू झाली, जी लोकसंख्येवर आधारलेली भारतातील पहिली नोंदणी होय. एखाद्या रुग्णालयात किती रुग्ण आले हे मोजण्यात आणि एखाद्या शहरात किती माणसांना रोग झाला हे मोजण्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, कारण रुग्णालयाकडे कोण येते हे त्याची कीर्ती, दर आणि अंतर यांवर ठरते. नोंदणीच्या कर्मचाऱ्यांनी म्हणून शहरभरची रुग्णालये पालथी घालायची, केसपेपरांवरून नाव, वय, धर्म आणि पत्ता उतरवून घ्यायचा, महापालिकेच्या मृत्यूनोंदींशी तो ताडायचा, एकाच रुग्णाची दोनदा झालेली नोंद गाळायची आणि किमान वर्षभर बृहन्मुंबईत राहिलेल्यालाच मुंबईकर धरायचे, असा हा खटाटोप होता. कारकुनी म्हणून नाक मुरडावे असे हे काम; पण त्याच्यावाचून पुढचे काहीच कळले नसते.

कळले ते असे, की मुंबईतील पारशी स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती स्त्रियांपेक्षा बरेच अधिक, जवळजवळ पाश्चात्त्य देशांच्या वळणावर जाणारे होते. टाटा रुग्णालयाचे जे. सी. पेमास्टर आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये पारशी समाजातील कर्करोगावर स्वतंत्र निबंध लिहिला, आणि १९७७ मध्ये जुस्सावाला व जैन यांनी नऊ वर्षांतील २,१३० मुंबईकर रुग्ण स्त्रियांच्या नोंदींवरून धर्म आणि स्तनाचा कर्करोग यांचा हिशेब ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये मांडला. पारशी समाज शिकलेला, सुखवस्तू, उशिरा लग्न करणारा, आणि ज्यातील पुष्कळ स्त्रिया अविवाहित राहत असा होता. १९४१ च्या जनगणनेत १ लाख १४ हजारांच्या घरात असलेली त्याची भारतातील संख्या २०११ मध्ये ५७,२६४ वर आली, एवढ्यावरून घराघरांत मुले किती कमी होत गेली हे दिसते. त्याचबरोबर हा समाज शतकानुशतके आपसातच लग्ने करत आलेला असल्याने आनुवंशिक कारणाची शक्यताही नाकारता येत नव्हती.

या टप्प्यावर उंदीर आणि पारशी माता यांची गाठ एका अनपेक्षित जागी पडली. न्यूजर्सीतील कॅम्डेन येथील डॅन मूर आणि त्यांचे सहकारी मानवी दुधात उंदरासारखाच विषाणू सापडतो का, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शोधत होते, आणि रोगाचे प्रमाण मोठे व लग्नसंबंध आपसातले म्हणून मुंबईच्या पारशी स्त्रियांचे दूध त्यांना महत्त्वाचे वाटले. १९७१ मध्ये नेचर या नियतकालिकात त्यांनी जाहीर केले, की घराण्यात हा रोग नसलेल्या अमेरिकी स्त्रियांपैकी शेकडा ५ जणींच्या, पारशी स्त्रियांपैकी शेकडा ३९ जणींच्या आणि घराण्यात रोग असलेल्या अमेरिकी स्त्रियांपैकी शेकडा ६० जणींच्या दुधात विषाणूसदृश कण आढळले. बातमी खळबळजनक होती. रोग दुधातून मुलीकडे जात असेल तर आईने मुलीला अंगावर पाजावे की नाही, हा प्रश्न त्यातून आपोआप उभा राहत होता. सुदैवाने आकडे लगेच विरोधात उभे राहिले. अमेरिकेत बाटलीच्या दुधावर वाढलेल्या पिढ्यांत रोग मुळीच घटला नव्हता, आणि इतर प्रयोगशाळांना हे कण खात्रीने पुन्हा दाखवता आले नाहीत. मानवी स्तनाच्या कर्करोगाचा दुधातून जाणारा विषाणू आजवर सिद्ध झालेला नाही. शास्त्रात अशी फसलेली पाने वगळून इतिहास लिहिण्याची रीत आहे. ती चुकीची आहे, कारण उंदरांवरून माणसांकडे जाताना पाय कुठे घसरतो हे याच पानांवर दिसते.

दरम्यान पेचाचा निकाल लावणारे काम प्रयोगशाळेबाहेर झाले होते. हार्वर्डचे ब्रायन मॅकमहॉन यांनी बोस्टन, वेल्स, अथेन्स, स्लोव्हेनिया, साओ पावलो, तैपेई आणि टोकियो अशा सात ठिकाणच्या स्त्रियांची माहिती एकाच पद्धतीने गोळा केली. भारत त्यात नव्हता. १९७० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या निष्कर्षाने सगळ्यांची दृष्टी बदलली: मुले किती झाली यापेक्षा पहिले मूल कोणत्या वयात झाले, हे निर्णायक होते. अठरा वर्षांच्या आत पहिले मूल झालेल्या स्त्रीचा धोका, पस्तिशीनंतर पहिले मूल झालेल्या स्त्रीच्या जेमतेम एक तृतीयांश होता, आणि पस्तिशीनंतर पहिलटकरीण झालेल्या स्त्रीचा धोका मूलच न झालेल्या स्त्रीपेक्षाही थोडा जास्त होता. म्हणजे तीच संप्रेरके तारुण्याच्या उंबरठ्यावर राखण करतात आणि मध्यम वयात घातही करू शकतात. ‘गर्भारपण वाचवते की मारते’ हा प्रश्नच अर्धा होता. ‘केव्हा’ हा शब्द त्यात राहून गेला होता.

याचे शरीरातील स्पष्टीकरण पुढील तीस वर्षांत उलगडले, आणि त्यात उंदरांना सोडून मोठ्या पांढऱ्या घुशींचा, म्हणजे प्रयोगशाळेतील ‘रॅट’ या जातीचा उपयोग झाला, ज्यांच्यात स्तनाचा विषाणू नसतो आणि कर्करोग रसायन देऊन घडवावा लागतो. या प्राण्यांना आधी एक गर्भारपण घडले, तर नंतर दिलेले रसायन पूर्वीसारखे बाधत नाही. कुमारी स्तनातील नलिकांच्या टोकांचे अंकुर हे अपक्व, झपाट्याने विभागणारे आणि म्हणून सहज बिघडणारे असतात. पहिल्या पूर्ण दिवसांच्या गर्भारपणात इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन आणि वारेची संप्रेरके मिळून त्यांना पक्व दूधपेशींत बदलतात, आणि दूध आटल्यावरही त्या पेशींच्या वागण्यात कायमचा फरक उरतो. कॅलिफोर्नियात सत्यव्रत नंदी यांच्या गटाने १९९९ मध्ये असेही दाखवले, की गर्भारपणाइतक्या पातळीची इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन थोडेच दिवस देऊनही या प्राण्यांत असेच संरक्षण मिळते. मग परळचे उंदीर खोटे बोलत होते काय? तेही नव्हते. उंदरातील स्तनाच्या विषाणूची जनुके स्टेरॉइड संप्रेरकांच्या इशाऱ्यावरच जागी होतात, त्यामुळे प्रत्येक गाभणपण विषाणूला नवे बळ देत असे. उंदीर आपल्या विषाणूची खरी गोष्ट सांगत होते; ती माणसाची आहे असे समजण्यात चूक होती.

संरक्षण मात्र लगेच मिळत नाही, ही गोष्ट सर्वांत उशिरा आणि सर्वांत अडचणीची म्हणून समोर आली. २००२ मध्ये ३० देशांतील ४७ अभ्यास एकत्र करून असे दिसले, की प्रत्येक बाळंतपणामागे धोका शेकडा ७ आणि अंगावर पाजण्याच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे शेकडा ४.३ या प्रमाणात घटतो. हा हिशेब स्त्रीच्या साऱ्या आयुष्याचा आहे. बाळंतपणानंतरच्या काही वर्षांत मात्र धोका आधी वाढतो. २०१९ मध्ये पंधरा मोठ्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात ही वाढ बाळंतपणानंतर सुमारे पाच वर्षांनी कळसाला पोहोचते आणि ती ओसरून संरक्षणात बदलायला वीसहून अधिक वर्षे लागतात, असे आढळले. त्या वयात रोग मुळातच क्वचित होत असल्याने प्रत्यक्ष संख्या लहान असते, तरी ती शून्य नसते. शिवाय बाळंतपणांचे संरक्षण मुख्यतः संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या गाठींपुरते आहे. ज्या गाठींच्या पेशींवर संप्रेरकांना धरणारे ग्राहक रेणू नसतात, आणि भारतात ज्यांचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा मोठे आहे, त्यांच्यापासून निव्वळ अधिक मुले झाल्याने रक्षण होत नाही, अंगावर पाजल्याने काही अंशी होते.

संप्रेरकांच्या वेळेचा हाच प्रश्न टाटा रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातही आला. राजेंद्र बडवे यांनी लंडनच्या गाइज रुग्णालयात काम करताना १९९१ मध्ये लॅन्सेटमध्ये असे मांडले होते, की पाळी चालू असलेल्या स्त्रियांची शस्त्रक्रिया मासिक चक्राच्या कोणत्या दिवसांत झाली यावर त्यांचे आयुर्मान ठरते. इस्ट्रोजेन एकटेच असते त्या दिवसांत, म्हणजे तिसऱ्या ते बाराव्या दिवसांत, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा ५४, आणि इतर दिवसांतल्यांपैकी शेकडा ८४ दहा वर्षांनी हयात होत्या. अनेकांनी ते मानले नाही. बडवे मुंबईत परतल्यावर त्यांच्या गटाने सुमारे हजार स्त्रियांवर चाचणी केली, ज्यात निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधी प्रोजेस्टेरॉनचे एक इंजेक्शन दिले. हे औषध एरवी गर्भ टिकवण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ वापरतात, आणि अत्यंत स्वस्त आहे. २०११ च्या निकालात सर्व स्त्रियांचा एकत्र विचार करता लक्षणीय फरक नव्हता. काखेतील ग्रंथींत रोग पोहोचलेल्या स्त्रियांत मात्र पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण शेकडा ६६.८ वरून ७५.७ झाले. उपगटातील निष्कर्षावर विसंबून जगाने उपचार बदलले नाहीत, ते रास्तच म्हणावे लागेल. तरी स्वस्त औषधाची चाचणी करायला पुढे येणारे फारसे कोणी नसते, हेही तितकेच खरे.

आता या साऱ्याचा परळबाहेरच्या, उदाहरणार्थ विरारसारख्या गावाशी संबंध काय? १८६७ मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली, १९३६ मध्ये विजेची लोकल तेथवर पोहोचली, आणि केळीच्या बागा व मिठागरांच्या वसई तालुक्यातील हे गाव हळूहळू मुंबईचे अंग बनले. २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत २०११ मध्ये १२ लाखांहून अधिक माणसे होती. लोकलबरोबर आली ती मुंबईची जीवनपद्धतीही. मुलींचे लांबलेले शिक्षण, नोकरी, पंचविशी-तिशीनंतरचे लग्न, एक किंवा दोन मुले, आणि प्रसूतीची रजा संपली की आटोपते घेतलेले अंगावरचे दूध. महाराष्ट्रात एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी १९९२-९३ मध्ये २.९ च्या आसपास होती, ती २०१९-२१ मध्ये १.७ झाली. साठ वर्षांपूर्वी जुस्सावालांच्या नोंदवहीत दादरच्या पारशी वसाहतीपुरते दिसणारे चित्र आज सबंध पश्चिम रेल्वेच्या मार्गाचे झाले आहे. मुंबईच्या नोंदणीत पुढे स्तनाच्या कर्करोगाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला मागे टाकले, तर १९८७ मध्ये बार्शीला सुरू झालेल्या देशातील पहिल्या ग्रामीण नोंदणीत दीर्घकाळ गर्भाशयमुखाचाच कर्करोग पुढे राहिला.

यावरून मुलींची लग्ने लवकर करावीत, असा निष्कर्ष काढणारे लोक भेटतात, आणि त्यांच्या हाती मॅकमहॉन यांचा आकडा असतो. तो निष्कर्ष इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही. लवकर लग्न आणि पुष्कळ बाळंतपणे यांनी महाराष्ट्रातील स्त्रीला स्तनाच्या कर्करोगापासून वाचवले असेल, पण त्याच आयुष्यक्रमाने तिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाकडे, रक्तक्षयाकडे आणि बाळंतपणातील मृत्यूकडे ढकलले. बार्शीची नोंदवही तेच सांगते. धोक्याची इतर कारणेही, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर वाढणारे वजन, मद्य आणि आनुवंशिक दोष, वयाच्या आकड्याइतकीच बोलकी आहेत, आणि त्यांतील पहिली दोन तरी स्त्रीच्या हातात असू शकतात.

हाती असलेला दुसरा उपाय म्हणजे लवकर निदान, आणि त्याचा पुरावाही परळनेच दिला. १९९८ मध्ये इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांना चाचणीत घेतले. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका घरोघरी जाऊन दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करत. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०२१ मध्ये जाहीर झालेल्या निकालानुसार या वस्त्यांत रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीवरील स्त्रियांत त्यापायी होणारे मृत्यू जवळजवळ शेकडा ३० ने घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा फायदा दिसला नाही. बृहन्मुंबईच्या नोंदणीची हद्द दहिसरला संपते, त्यामुळे विरारहून परळला उपचारासाठी जाणारी स्त्री मुंबईच्या हिशेबात धरली जात नाही; वसई-विरारच्या स्वतंत्र नोंदणीची मागणी तिथल्या डॉक्टरांनी आणि नगरसेवकांनी लावून धरण्याजोगी आहे. आणि तरुण मातांसाठी घरोघरची तपासणी पुरेशी नसल्याने त्यांच्या बाबतीत एवढे तरी व्हावे: बाळंतपणानंतरच्या वर्षांत स्तनात लागलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत विरली नाही, तर ती दुधाचीच असे घरात ठरवून न थांबता डॉक्टरांना दाखवावी. सोनोग्राफी आणि सुईची तपासणी बाळ अंगावर पीत असतानाही करता येते.